जखमांचा वकील

सॅन फ्रान्सिस्कोच्या एका न्यायालयातली ही गोष्ट आहे. साल १९४० नंतरचे, युद्धाच्या धामधुमीचे. शहराच्या ट्रामखाली सापडून एका स्त्रीचा पाय गुडघ्याखाली गेला होता आणि तिने शहरावर नुकसानभरपाईचा दावा लावला होता. तिचा वकील रोज सकाळी न्यायालयात शिरे तो काखेत एक लांबोडके पुडके घेऊन. पुडके एका टोकाला काटकोनात वळलेले, खाटिक मटण बांधून देतो तसल्या पिवळट कागदात गुंडाळलेले आणि वरून पांढऱ्या दोऱ्याने घट्ट आवळलेले होते. वकीलसाहेब ते मेजावर ज्यूरीला दिसेल असे ठेवीत आणि कामाला लागत. मधूनच ते किंचित हलवीत, पुन्हा जागेवर ठेवीत. त्याविषयी अवाक्षर काढीत नसत.

ज्यूरीचे बारा सभासद त्या पुडक्याकडे पाहत राहिले. प्रतिपक्षाचे वकीलही अस्वस्थ झाले. त्या बाईचा तुटलेला पायच यात आहे की काय, ही शंका प्रत्येकाच्या मनात आली, पण विचारणार कोण? शहराच्या बाजूने मोठ्या विश्वासाने सांगण्यात आले होते की, हल्ली कृत्रिम पाय इतके उत्तम मिळतात की बाईंचे फारसे अडणार नाही. खटल्याच्या अखेरीस वादीच्या वकिलाने दोरा सोडला. गाठ सोडायलाही त्याने भरपूर वेळ घेतला. आतून निघाला तो कृत्रिम पाय, चामड्याचे पट्टे, बंद आणि बिजागऱ्या असलेला. त्याने तो पहिल्या सभासदाच्या हातात दिला आणि ज्यूरीत फिरवायला सांगितले. प्रतिपक्ष म्हणतो तितका हा उत्तम आहे ना, मग त्यात रक्ताची ऊब लागते का पाहा, एवढेच त्याचे म्हणणे होते. हा खटला आधी एकदा चालला होता, तेव्हा ज्यूरीने ६५,००० डॉलर दिले होते. या वेळी तिने दिले १,००,०००.

हा वकील म्हणजे मेल्विन बेली. अमेरिकेत गंभीर जखमी झालेल्या माणसांची बाजू घेऊन लढणाऱ्या वकिलांचा जो एक स्वतंत्र वर्गच पुढे तयार झाला, त्याचा हा आद्यपुरुष म्हटला तरी चालेल. १९५४ साली ‘लाइफ’ साप्ताहिकाने त्याला ‘टॉर्टांचा राजा’ ही पदवी दिली आणि ती त्याला जन्मभर चिकटली. आपल्याकडे ‘टॉर्ट’ला ‘अपकृत्य’ असा प्रतिशब्द आहे. तो वापरून पदवीचे भाषांतर केले तर ‘अपकृत्यांचा राजा’ असे होते आणि एखाद्या दरोडेखोराचे चरित्र हातात आल्यासारखे वाटते. बेलीच्या विरोधकांना मात्र ते भाषांतर अगदी तंतोतंत वाटले असते!

बेलीचा जन्म १९०७ सालचा, कॅलिफोर्नियातल्या सोनोरा या जुन्या, सोन्याच्या खाणींमुळे वसलेल्या गावचा. बर्कलेच्या विद्यापीठात शिकून १९३३ साली तो वकील झाला. ते मंदीचे दिवस होते. बेकार भटक्यांची स्थिती पाहून अहवाल देण्याचे सरकारी काम त्याला मिळाले, तेव्हा तो स्वतः भटक्याचा वेष घेऊन त्यांच्यात हिंडला. नंतर सॅन क्वेंटिनच्या तुरुंगातल्या कैद्यांची कामे त्याने घेतली. त्यांतल्या एका खटल्याने त्याला आपली वाट सापडली. एका कैद्याने दुसऱ्याचा खून केला होता आणि त्याचे म्हणणे होते की, आपण स्वसंरक्षणासाठी वार केला, कारण तिथे जो तो सुरा बाळगतो. तुरुंगात सुरे? कोणाचा विश्वास बसणार! बेलीने कैद्यांकडून जप्त केलेल्या हत्यारांचा खण तुरुंगाधिकाऱ्यांकडून न्यायालयात मागवला, आणि तो उचलताना त्याच्या हातून ‘चुकून’ निसटला. नाना तऱ्हेचे सुरे खणखणत ज्यूरीच्या पायांशी पसरले. तासभर भाषण करून जे पटले नसते ते एका क्षणात दिसले.

दाखवणे, हीच बेलीची सारी विद्या. त्यापूर्वी जखमी माणसाचा खटला म्हणजे डॉक्टरांची लॅटिन शब्दांनी भरलेली साक्ष, पगाराचा दाखला आणि औषधांची बिले एवढ्यावर आटोपत असे. बेलीने क्ष-किरण चित्रे मोठी करून टांगली, हाडांचे नमुने आणले, कार्यालयात आणि न्यायालयात एक सांगाडा बाळगला आणि त्याचे ‘एल्मर’ असे बारसेही केले. मणका कुठे सरकला हे ज्यूरीतल्या किराणा दुकानदाराला आणि शाळामास्तरणीला बोट ठेवून समजले पाहिजे, असा त्याचा आग्रह असे. १९५१ साली कॅलिफोर्नियाच्या कायदेविषयक नियतकालिकात त्याने पुरेशा भरपाईवर एक लांबलचक लेख लिहिला. डॉलरची किंमत घसरली, पण माणसाच्या डोळ्याची आणि पायाची किंमत न्यायालये जुन्याच भावाने धरतात, हे त्याने निकालामागून निकाल देऊन मांडले. १९५४ साली त्याचा ‘मॉडर्न ट्रायल्स’ हा तीन खंडांचा ग्रंथ निघाला आणि गावोगावच्या वकिलांनी ही विद्या त्यातून उचलली.

त्याची दुसरी युक्ती हिशेबाची होती. वेदनेची किंमत काय, असे एकदम विचारले तर ज्यूरी गोंधळते आणि एखादा ठोकळ आकडा फेकून मोकळी होते. बेली तिला दिवसाचा भाव विचारी. पाठीचा कणा मोडलेला हा माणूस. याच्या एका दिवसाच्या यातनांचे पाच डॉलर धरले तर फार होतील काय? नाही ना? मग वर्षाचे झाले १,८२५. डॉक्टर म्हणतात हा अजून तीस वर्षे जगेल. तीस वर्षांचे ५४,७५०, आणि यात औषधपाणी नाही की बुडालेली मजुरी नाही. हे गणित इतके परिणामकारक ठरले की काही राज्यांच्या न्यायालयांना त्यावर बंदी घालावी लागली. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्ये ते नामंजूर केले. वेदना ही काही दिवसाच्या रोजाने मोजण्याची चीज नव्हे, असे न्यायमूर्तींचे म्हणणे पडले. तर्काने ते बरोबरही असेल. पण माझ्या मनातून बेलीचा प्रश्न काही जात नाही, आणि त्याला कारण आमच्या घरातले आहे.

माझे थोरले काका सातारा जिल्ह्यात एका सॉ मिलमध्ये करवतीवर कामाला होते. १९७४ साली त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली. कामगार भरपाईचा १९२३ चा कायदा त्यांना लागू होता. त्या कायद्याला एक परिशिष्ट होते आणि त्यात शरीराचा दरफलकच छापलेला होता. अंगठा गेला तर कमाईची शक्ती ३० टक्के कमी झाली असे समजावे, एका हाताची दोन बोटे गेली तर २० टक्के, तीन गेली तर ३०. काकांचे २० टक्के ठरले. पैसे आले, घराची कौले बदलली. मालकाने काही लबाडी केली नाही, कचेरीनेही छळले नाही. सगळे रीतसर झाले.

पण काका गावच्या भजनात पखवाज वाजवीत. पंचक्रोशीत त्यांचा हात नावाजलेला होता. मी जाणता झालो तेव्हा ते एकादशीला देवळात पखवाजाशेजारी बसत, कणीक मळून पुडीला लावून देत, आणि वाजवायला दुसरा कोणी बसे. त्या परिशिष्टात पखवाजाचा रकाना नव्हता. मराठी शिकवणारा मी, ‘नुकसानभरपाई’ हा शब्द आला की अडखळतो. खड्डा भरावा तसे काहीतरी भरून निघते, असे तो शब्द परस्पर कबूल करून टाकतो. बेलीसारखा वकील असता तर त्याने काय केले असते? मला वाटते, पखवाजच कोर्टात आणून ठेवला असता.

आता पैशाविषयी. अशा जखमी माणसाजवळ फीचे पैसे कुठून असणार? अमेरिकेत यावर तोड निघाली ती अशी की, वकिलाने आधी काहीच घ्यायचे नाही. डॉक्टरांच्या साक्षींचा, कागदपत्रांचा खर्च त्यानेच करायचा आणि दावा जिंकला तर रकमेचा साधारण तिसरा हिस्सा घ्यायचा. हरला तर सगळे पाण्यात. या पद्धतीने गरिबाला न्यायालयाचे दार उघडले हे खरे, आणि अपघाताची बातमी लागताच इस्पितळाच्या दारात वकालतनामा घेऊन उभे राहणारे वकीलही तिनेच निर्माण केले हेही खरे. आपल्याकडे ती वर्ज्य आहे. बेलीचा ग्रंथ निघाला त्याच १९५४ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या एका वकिलाच्या प्रकरणात वसुलीतला निम्मा वाटा ठरवून घेणे हे व्यावसायिक गैरवर्तन ठरवले, आणि बार कौन्सिलचे नियमही निकालावर अवलंबून असलेली फी घेण्यास मनाई करतात.

बेलीच्या नावाशी जोडलेले दोन खटले मात्र नाटकापलीकडचे आहेत. पहिला शीतपेयाच्या बाटलीचा. कॅलिफोर्नियातल्या एका उपाहारगृहात वाढण्याचे काम करणारी एक स्त्री कोका-कोलाच्या बाटल्या शीतकपाटात ठेवीत असताना एक बाटली तिच्या हातातच फुटली आणि तळहाताच्या शिरा, स्नायू तुटले. कंपनीचा निष्काळजीपणा ती कशी सिद्ध करणार? कारखान्यात काय घडले ते तिला काय ठाऊक! तिच्या वकिलांत बेली एक होता. १९४४ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. नीट भरलेली बाटली आपोआप फुटत नाही, तेव्हा वस्तुस्थितीच बोलते, असे म्हटले. पण न्यायमूर्ती रॉजर ट्रेनर यांनी आपले वेगळे निकालपत्र जोडले. त्यांचे मत असे की, निष्काळजीपणा शोधत बसण्याची गरजच नाही. सदोष माल बाजारात पाठवला आणि माणूस जखमी झाला की उत्पादक जबाबदार. त्या दिवशी ते एकटेच होते. १९६३ साली लाकूडकामाच्या एका यंत्रातून उडालेला तुकडा कपाळावर बसलेल्या माणसाच्या खटल्यात त्याच न्यायालयाने तेच तत्त्व स्वीकारले, आणि निकालपत्र लिहिले ट्रेनर यांनीच.

दुसरा खटला पोलिओच्या लशीचा. एप्रिल १९५५ मध्ये साल्क यांची लस यशस्वी झाल्याची घोषणा झाली, तेव्हा अमेरिकेत घंटा वाजल्या, लोक रस्त्यांत रडले. थोड्याच दिवसांत लक्षात आले की बर्कलेच्या कटर कंपनीच्या लशीच्या काही साठ्यांत विषाणू जिवंतच राहिले आहेत. सुमारे २०० माणसे कायमची लुळी झाली, १० मेली. लुळ्या झालेल्या दोन मुलांच्या वतीने बेली ओकलंडच्या न्यायालयात उभा राहिला. जानेवारी १९५८ मध्ये ज्यूरीने चमत्कारिक निकाल दिला. कंपनीने निष्काळजीपणा केला असे तिला आढळले नाही. सरकारने घालून दिलेल्या रीतीनेच लस तयार झाली होती. तरीसुद्धा, लस विकताना ती निर्धोक आहे अशी हमी कंपनीने न बोलता दिलेलीच असते आणि ती हमी मोडली, म्हणून दोन्ही कुटुंबांना मिळून १,४७,३०० डॉलर द्यावेत.

दोष नाही, तरी दंड! कायद्याच्या अभ्यासकांत यावर आजही वाद आहे. लशींच्या इतिहासावर लिहिणारे डॉक्टर पॉल ऑफिट यांनी तर असे मांडले आहे की, या निकालापासून कंपन्या लस बनवायलाच कचरू लागल्या. अखेर १९८६ साली अमेरिकन सरकारला लशीने अपाय झालेल्या मुलांसाठी वेगळा भरपाई निधी काढावा लागला. मला ऑफिट यांचा मुद्दा समजतो. पण कुणाचाच दोष नसताना लुळे झालेले पोर शेवटी कुणाच्या तरी मांडीवर असते, आणि तो भार त्या एका आईनेच का वाहावा, याला १९५८ पूर्वीच्या कायद्याजवळ उत्तर नव्हते.

हाच बेली पुढे नाटकात वाहवत गेला. माँटगोमेरी रस्त्यावरची एक जुनी इमारत घेऊन त्याने तिथे थाट मांडला. तळमजल्यावर मोठ्या काचा, जेणेकरून प्रवाशांना वकीलसाहेब काम करताना रस्त्यावरून दिसावेत! खटला जिंकला की गच्चीवर चाच्यांचा कवटीचा झेंडा चढे आणि तोफ उडे. त्याची सहा लग्ने झाली. सिनेनटांपासून मुष्टियोद्धा मुहम्मद अलीपर्यंत नाना अशील त्याने मिळवले, स्वतःही दूरचित्रवाणीच्या मालिकेत काम केले. अध्यक्ष केनेडींच्या मारेकऱ्याला गोळी घालणाऱ्या जॅक रुबीचे वकीलपत्र त्याने फी न घेता पत्करले, मेंदूच्या विकाराचा बचाव मांडला, आणि रुबीला मृत्युदंडाची शिक्षा झाल्यावर ज्यूरीवर भर न्यायालयात तोंडसुख घेतले. (ती शिक्षा पुढे वरच्या न्यायालयाने रद्द केली, हा भाग वेगळा.) सिगारेट कंपन्यांशी तो कितीतरी आधीपासून लढत होता. १९८५ साली सांता बार्बराच्या ज्यूरीपुढे धूम्रपानाने मेलेल्या एका माणसाच्या कुटुंबासाठी तो उभा राहिला आणि हरला.

आणि त्याच्या वर्षभर आधी तो आपल्याकडे आला होता.

२ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळमध्ये युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला. ७ डिसेंबरला, म्हणजे प्रेते अजून मोजून व्हायची होती तेव्हा, बेली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी वेस्ट व्हर्जिनियाच्या न्यायालयात १५ अब्ज डॉलरचा दावा ठोकला. सत्त्याहत्तर वर्षांचा हा वकील लवकरच भोपाळला हजर झाला. मागोमाग आणखी अमेरिकन वकील आले. वस्त्यावस्त्यांतून वकीलपत्रांवर अंगठे उठू लागले. गिधाडे आली, असे तेव्हा पुष्कळांनी लिहिले, आणि ते वाचून कुणाला फारसे चुकीचे वाटले नाही.

पण पुढचा इतिहास पाहावा. मार्च १९८५ मध्ये आपल्या संसदेने कायदा करून सर्व पीडितांच्या वतीने दावा लावण्याचा अधिकार केंद्र सरकारकडे घेतला. सरकार न्यूयॉर्कच्या न्यायालयात गेले आणि तिथे मोठा विलक्षण प्रसंग घडला. हिंदुस्थानची न्यायालये असा दावा पेलू शकणार नाहीत, हे हिंदुस्थान सरकारच्या बाजूने सांगितले गेले; आणि ती पूर्ण समर्थ आहेत, असे प्रतिज्ञापत्र युनियन कार्बाइडच्या बाजूने दिले नानी पालखीवालांनी! मे १९८६ मध्ये न्यायमूर्ती कीनन यांनी खटला आपल्याकडे धाडून दिला. फेब्रुवारी १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर, म्हणजे त्या वेळच्या सुमारे ७१५ कोटी रुपयांवर, तडजोड झाली. जखमींपैकी बहुतेकांच्या वाट्याला २५,००० रुपये आले. २००४ च्या आदेशानंतर तेवढेच आणखी. अधिक भरपाई मागणारा सरकारचा शेवटचा अर्ज सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये फेटाळला. कुणाची फुप्फुसे किती जळली, कोण हातगाडी ओढत होता आणि कोण आता जिना चढू शकत नाही, हे एकेका माणसाला उभे करून कुणी कुणाला दाखवले नाही. पाच लाखांहून अधिक माणसे एका बेरजेत बसवली गेली. बेलीला खुशाल गिधाड म्हणावे. पण त्याचे ते पिवळ्या कागदातले पुडके भोपाळमध्ये कुणीच सोडले नाही, हे मला डाचत राहते.

आपल्याकडे भरपाईच्या दाव्यांना ज्यूरी नसते. मोटार-अपघातांसाठी वेगळी न्यायाधिकरणे असतात. १९५६ च्या दुरुस्तीने त्यांची सोय झाली. तिथे तोफ नाही की सांगाडा नाही. कुबड्या, अपंगत्वाचा दाखला आणि तारखा आहेत. पण दृष्टी बदलली आहे. मुंबईच्या एका वकिलालाच मोटार-अपघाताने अंथरुणाला खिळवले होते. त्याच्या दाव्यात १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने वेदनांचे पैसे वेगळे आणि चालता-धावता-बसता न येण्याचे, आयुष्यातल्या सुखांना मुकण्याचे पैसे वेगळे, असे स्पष्ट मांडले. २०१० साली त्याच न्यायालयाने न्यायाधिकरणांना समजावून सांगितले की, डाव्या हाताची टक्केवारी आंधळेपणाने लावू नका. तो हात सुताराचा किंवा ड्रायव्हरचा असेल तर त्याची सारीच कमाई गेली असे होऊ शकते. सरकारी कारकुनाचा असेल तर नोकरी कदाचित टिकेल. माणूस काय करीत होता ते आधी विचारा.

बेली तोवर गेला होता. त्याच्या त्या इमारतीला १९८९ च्या भूकंपाने खिळखिळे केले होते. स्तनरोपणाने अपाय झालेल्या शेकडो स्त्रियांचे दावे त्याने आयुष्याच्या अखेरीस हाती घेतले होते आणि नेहमीच्या रिवाजाप्रमाणे साक्षीपुराव्याचा खर्च स्वतः केला होता. मे १९९५ मध्ये डाऊ कॉर्निंग या प्रतिवादी कंपनीनेच दिवाळे जाहीर केले आणि वसुली अडकली. त्याच डिसेंबरात, अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या बेलीनेही दिवाळखोरीचा अर्ज केला. सात महिन्यांनी, ९ जुलै १९९६ रोजी, तो सॅन फ्रान्सिस्कोत वारला. त्याच्या डोक्यावर सुमारे ५० लाख डॉलर देणे राहिले होते ते डॉक्टरांचे आणि तज्ज्ञ साक्षीदारांचे.